छोट्यांची रोजनिशी
(गणेशोत्सवातील पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही शिक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही म्हणजे नवरा-बायको दोघं. एकाची डिप्लोमा करून लागलेली राज्य सरकारची नोकरी, दुसरीकडे सगळं घर. बांधकामाच्या कामात एक शिस्त असते : साइटवर घेतलेलं माप तिथल्या तिथे माप-पुस्तिकेत चढवायचं. घरी येऊन आठवून लिहिलेलं माप चुकतंच. देवासला असताना शेजारची चार-पाच वर्षांची सात मुलं संध्याकाळी आमच्या ओसरीवर येत. त्यांना हीच शिस्त लावून पाहिली. दिवसातली एक गोष्ट, त्याच दिवशी वहीत. पुढे धारला बदली झाली, तिथेही ओसरी भरली.

केजीतल्या मुलाला लिहिता कुठे येतं, असं सगळे विचारतात. येत नाही. म्हणून वही बिनरेघांची घ्यायची. पानाच्या वरच्या भागात ते चित्र काढतं. मग "हे काय रे?" एवढंच विचारायचं. ते जे सांगेल ते खाली मोठ्या अक्षरांत आपण लिहायचं, त्याच्याच शब्दांत, आणि बोट फिरवत वाचून दाखवायचं. दहा मिनिटं पुरतात. काही महिन्यांनी मूल स्वतःचं नाव लिहितं, मग एखादा शब्द. काना-मात्रे गळालेले असतात. "मझ बब" म्हणजे "माझे बाबा". ते तसंच राहू द्यायचं.

"त्याच्याच शब्दांत" या ठिकाणी मात्र आम्ही सपशेल चुकलो. देवासच्या एका मुलाने सांगितलं, "मी झोक्यावरून गिरलो." आम्ही मराठीचे अभिमानी! लाल पेनाने "गिरलो" खोडून "पडलो" केलं. दुसऱ्या दिवशी "टीचरने डाटलं" खोडून "बाई रागावल्या" केलं. तिसऱ्या दिवसापासून तो म्हणू लागला, "आज काही झालंच नाही." अकरा दिवस त्याच्या आयुष्यात काहीही झालं नाही! तेव्हा लाल पेन कपाटात गेलं. आता तो म्हणतो तेच लिहितो आणि बोलता बोलता विचारतो, "पडलास होय? कुठे लागलं?" पुढे कधी तरी तोच "पडलो" म्हणतो. नाही म्हटलं तरी बिघडत नाही. पुण्याचे पाहुणे आपल्या मोठ्यांच्या मराठीलाही हसतातच.

आता धारची गोष्ट. पाच वर्षांची एक मुलगी इंग्रजी शाळेत जायची. रोज सकाळी पोट दुखतं म्हणून रडायची. डॉक्टर झाले, आजीने दृष्ट काढून झाली. ओसरीवर तिने एक दार काढलं, काळं आणि बंद. "हे काय गं?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "शू लागली. इंग्रजीत सांगायचं असतं. मला येत नाही. मग झाली." आम्ही ते लिहिलं. लिहिताना हात जड झाला होता. पान तिच्या आईला दाखवायचं का, हेही तिलाच विचारलं. तिने मान हलवली. आई-वडील शाळेत गेले, वर्गातल्या बाईंशी बोलले, आणि करंगळी दाखवली की पुरे असं ठरलं. पोटदुखी त्याच आठवड्यात थांबली. लिखाणाची सवय म्हटलं की आपण सुंदर अक्षराचा विचार करतो. त्या पानावर तिच्या हातचं एक अक्षरसुद्धा नव्हतं.

हे काही आमचं संशोधन नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात. आपल्या धार जिल्ह्यात कितीतरी मुलं घरी भिली बोलतात आणि शाळेत एकदम हिंदी ऐकतात. त्यांच्यासमोरही तेच बंद दार असतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलेलं आहे. ते होईल तेव्हा होईल. संध्याकाळची दहा मिनिटं आपल्या हातात आहेत.

एक विनंती, वह्या रद्दीत घालू नका. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे खासगी सचिव होते. तिथे पाहिलेलं ते घरी पत्रांतून कळवत. पाऊस, दरबार, गोकुळाष्टमी, सगळं. त्याच पत्रांवरून १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक झालं. नावातली टेकडी आपली चामुंडा मातेचीच. आमच्या एका मुलाच्या वहीतही ती टेकडी आहे, वर माकड आणि माकडाच्या हातात बाबांचा चष्मा.

आरतीनंतर मंडपाच्या दाराशी बिनरेघांच्या पंचवीस वह्या ठेवल्या आहेत. किंमत फक्त कागदाची. पेन्सिल जाड घ्या, बारीक टोक मुलांच्या हातात मोडतं. आणि पहिला आठवडा नुसत्या रेघोट्या आल्या तर आम्हाला फोन करू नका, तारीख टाकून पान उलटा.