माळ, सलाईन आणि तिसरी रात्र



आषाढीच्या सुमारास एका बाईंचा फोन आला. "डॉक्टर, ह्यांनी माळ घातली, दारू सोडली. दोन दिवस नुसते हात कापत होते. काल रात्रीपासून भिंतीवरच्या मुंग्या वेचतायत. भिंतीवर एक मुंगी नाही हो! बाहेरचं काही असेल का?"

बाहेरचं नाही, आतलंच. रोज दारू पोटात गेली की मेंदू मंदावतो. त्या गुंगीला पुरून उरायचं म्हणून तोही वर्षानुवर्षं उलटा जोर लावत राहतो. रस्सीखेचीत पलीकडच्यांनी एकदम दोर सोडला तर आपण पाठीवर आपटतो ना, तसं होतं. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत काहींना आकडी येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहीजणांना भ्रम होतो. ताप चढतो, छाती धडधडते, दिवस की रात्र कळत नाही. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. अंगारा लावण्यात ती रात्र गेली, की अवघड होतं.

दवाखान्यात डायझेपामसारखं औषध देतात आणि काही दिवसांत ते उतरवत आणतात. दोर हळूहळू सैल करायचा, इतकंच. आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. आपल्याकडे 'एक सलाईन लावा' हा हट्ट फार. पण पिणाऱ्याच्या अंगात बी-१ची वानवा असते; ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर नजर, तोल, आठवण यांवर घाला येऊ शकतो. म्हणून लाजेपोटी "कधीमधी घेतात" असं डॉक्टरांना सांगू नका. किती आणि कधीपासून, ते स्पष्ट सांगा.

व्यसनमुक्ती केंद्रांत या दिवसांना 'टर्की' म्हणतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. अशा ठिकाणी टर्की ओसरल्यावरच खरं काम सुरू होतं: समुपदेशन, घरच्यांशी बोलणं, पुन्हा घसरलेल्याला पुन्हा उभं करणं. त्याला महिने लागतात. त्याविषयी पुन्हा कधी.

त्या बाईंना मी विचारलं, "ताई, शेवटची कधी घेतली त्यांनी?"

"सोमवारी रात्री."

त्या दिवशी गुरुवार होता. म्हटलं, "माळ गळ्यात राहू द्या. आधी रिक्षा बोलवा."