वजनकाटा अर्धंच सांगतो

(मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आहार आणि आरोग्य' या विषयासाठी दहा मिनिटं दिली आहेत, तीही जेवणाच्या आधीची. तेव्हा लांबण लावत नाही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आकडा आला की तो कुठून आला हे आधी बघायचं, ही त्या कामाची सवय. त्या सवयीने जे वाचलं, त्यातली एकच गोष्ट सांगते.

सकाळपासून एक वाक्य इथे सारखं ऐकू येतंय: "अगं, तू अजून तश्शीच बारीक आहेस!" ऐकून बरं वाटतं. पण बारीक म्हणजे निरोगी, हा हिशोब आपल्या लोकांच्या बाबतीत पुष्कळदा चुकतो. यावरचं जगभर गाजलेलं काम पुण्यात झालंय.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आतून मात्र निराळे.

ही गोष्ट जन्मापासून सुरू होते. पुण्याजवळच्या ६ खेड्यांत १९९३ पासून आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास झाला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. कमी वजन होतं ते मुख्यतः स्नायूंचं आणि पोटातल्या अवयवांचं. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती.

यात बिघडतं काय? जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायू उचलतात. स्नायू कमी आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठलेली, अशी स्थिती असली की इन्सुलिनचा प्रभाव पडेनासा होतो. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून काही वर्षं निभावून नेतं. मग थकतं आणि साखर वाढू लागते. म्हणून बारीक माणसालाही मधुमेह होतो, आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे तो कमी वयात गाठतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपण सगळे चाळिशी ओलांडलेले. या दुसऱ्या आकड्यात या सभागृहातलेही काही जण असतील, आणि त्यांना ते ठाऊक नसेल.

आता ताटाकडे वळू. सकाळी पोहे, दुपारी पोळी, बटाट्याची भाजी आणि भात, चारला चहा-बिस्कीट, रात्री वरणभात. यात तळलेलं काही नाही, हॉटेलचं काही नाही. साधं घरचं जेवण! पण बघा, दिवसभर पिष्टच पिष्ट. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. ज्वारीची भाकरी मैद्यापेक्षा चांगलीच, पण चार भाकऱ्या आणि चमचाभर भाजी हा तोच प्रकार.

प्रथिनांचा हिशोब करू. मोठ्या माणसाला किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम लागतात. ६० किलो वजनाला ५० ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात २०-२५ ग्रॅम डाळ धरली, तर त्यातून पाचेक ग्रॅम मिळतात. त्यामुळे "आम्ही रोज वरण खातो" एवढ्यावर भागत नाही.

यावर उपाय महागडा डबा नाही. मटकीची घट्ट उसळ, पिठलं, डाळ घातलेली मेथी, ताक-दही, खात असाल तर अंडी आणि मासळी. पोळी-भात सोडायचा नाही, एक पोळी कमी करून उसळीची वाटी मोठी करायची. पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि मोड आलेले मूग. आणि खाल्लेलं स्नायूंत जायला हवं असेल, तर स्नायूंना काम द्यायला हवं. चालणं उत्तमच, पण जिना चढणं, वजन उचलणंही हवं.

बी-१२ बद्दल थोडं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. शाकाहारी घरांत ते कमी आढळतं, आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही कमी होऊ शकतं. पुण्याच्याच अभ्यासात ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं अधिक दिसली. त्याच खेड्यांत पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेणाऱ्या आयांची बाळं अंगाने भरलेली होती.

मैत्रिणींनो, हे मुद्दाम तुम्हाला सांगते. आपल्याकडे बाई सगळ्यात शेवटी जेवते, आणि तोवर भाजी संपलेली असते. उरतो भात. आपल्या मुली आता विशीच्या आसपास आहेत. त्यांच्या पानात भाजी, उसळ आणि दूध-दही आधी पडू दे, आणि आपल्याही. हा लाड नाही. पुढच्या पिढीची प्रकृती तिथेच ठरू लागते.

घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. टेपने कंबर मोजा: आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा आहे. एचबीए१सी तपासा: ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा वर मधुमेह, मधला टप्पा म्हणजे उंबरठा. या उंबरठ्यावरून आहार-व्यायामाने मागे फिरता येतं. आणि डॉक्टरांना विचारून बी-१२ बघा. बारीक असलात तरी तपासा, म्हणजे बारीक असलात तर नक्कीच.

बाई, सर, शाळेत तुम्ही उत्तराआधी रीत बघायचात. वजनाचा आकडा हे नुसतं उत्तर आहे, रीत ताटात आहे.

आता जेवायला चला. वाढप्यांना सांगून ठेवलंय, उसळ आधी, जिलबी नंतर.