बाटली बदलली, पण औषध बदललं का?

(उंद्री येथे गटांच्या बैठकीत समन्वयक ताईंनी केलेलं मार्गदर्शन)

 

बचतीचा, हप्त्याचा विषय झाला. आता फवारणीचं बोलू, कारण गटातून उचललेला पैसा तिकडेही जातो.

भेंडी, टोमॅटो, वांगी, मिरचीवर पांढरी माशी येते. पानाखाली बसून रस शोषते. शिवाय रोग पसरवते. भेंडीचा हळद्या तिच्यामुळेच पसरतो, आणि एकदा झाला की त्यावर औषध नाही.

तुम्ही म्हणता, "तीन बाटल्या झाल्या, माशी काही हटत नाही." बाटलीवरचं मोठं नाव कंपनीनं दिलेलं असतं. खालचं बारीक नाव वाचा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही नावं तीन, पण कुळ एकच. फवाऱ्यातून ज्या माशा वाचतात, त्यांचीच पिलावळ वाढते. उन्हाळ्यात साधारण ३ आठवड्यांत नवी पिढी तयार होते. तिच्यावर पुन्हा त्याच कुळाचं औषध मारलं, तर पैसा वाया जातो.

मग माणसं डोस वाढवतात, दोन-तीन औषधं मिसळतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर जीव गेले, हे विसरू नका. आणि भाजी तोडायला वावरात आपणच जातो ना?

म्हणून एवढं करा:

१. दर २-३ दिवसांनी पानं उलटून बघा. पिवळे चिकट सापळे लावा.

२. हळद्याची झाडं दिसताच उपटून नष्ट करा.

३. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून त्यात थोडा साबण घाला आणि एकूण १०० लिटर द्रावण करा. पानाच्या खालून फवारा.

४. रासायनिक औषध लागलंच, तर लागोपाठ एकाच कुळाचं नको. त्या पिकासाठी कोणतं चालतं, तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे लेबलवर बघा, सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

माशी काही बांध ओळखत नाही. एकीनं कुळ बदललं आणि शेजारणीनं जुनंच मारलं, तर दोघींचंही नुकसान. म्हणून प्रत्येक गटानं वहीत एक पान ठेवावं: तारीख, पीक, औषधाचं बारीक नाव. पुढच्या बैठकीला रिकाम्या बाटल्या नको, फक्त लेबलचा फोटो आणा. सोबत बसून वाचू.