विम्याचा दावा आणि त्यावरची देखरेख
(तिवसा येथील सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विमा हा विषय आपल्या सभेला शोभतो का, असे आमच्यातल्याच काहींनी विचारले. त्यांना आम्ही १९४७ सालची आठवण दिली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने परमपूज्य बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन तयार केले. शेतजमीन आणि पायाभूत उद्योग यांच्याबरोबर विमाही राज्याच्याच हाती असावा, अशी मागणी त्यात आहे. कारणही दिले आहे. सरकारी विम्याच्या रकमेमागे राज्याची सगळी साधनसंपत्ती तारण म्हणून उभी राहते आणि जमणारा पैसा राज्याच्या योजनांना कामी येतो.

पुढे १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. घर, दुकान, गोदाम यांचा विमा १ जानेवारी १९७३ पासून चार सरकारी कंपन्यांकडे आला. शेतीसाठी डिसेंबर २००२ मध्ये भारतीय कृषी विमा कंपनी स्थापन झाली. तिचे भांडवल नाबार्ड, जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन आणि त्याच चार कंपन्यांचे आहे. मधल्या काळात, १९९९ च्या कायद्याने, खाजगी कंपन्यांनाही दार उघडले गेले होते. म्हणून २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत दोन्ही प्रकारच्या कंपन्या दिसतात.

म्हणजे हमी राज्याची आहे. पण आपल्या वावरात येऊन नुकसान किती ते लिहिणारा माणूस कोण, त्याचे लिहिणे कोण तपासतो, हा प्रश्न उरतोच. आज बोलायचे ते त्याबद्दल.

२०२४ पर्यंत आपल्याकडची रीत अशी होती की पावसाने पीक बुडाले तर शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत कळवायचे, मग पाहणी आणि पंचनामा. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात दोन दिवस वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, नाल्याला पूर, आणि घड्याळ मात्र चालू. आमच्या काही सभासदांचे फॉर्म आम्ही पाहिले. नुकसानीचा रकाना कोरा आणि खाली शेतकऱ्याची सही. "साहेब म्हणाले, मंग भरतो," हे उत्तर. त्या साहेबांनी मंग काय भरले, ते पैसे खात्यात पडले तेव्हा कळले. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही. सही आपण केली होती.

पण ७२ तासांचा नियम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हेही सिद्ध झाले आहे. २०२० च्या खरिपात उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन पावसात गेले. वेळेत कळविले नाही म्हणून एका खाजगी कंपनीने भरपाई नाकारली. शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथे तिला दोनशे कोटी रुपये भरायला सांगण्यात आले. विद्यार्थी मित्रांनी हा निकाल मिळवून वाचावा.

आता परिस्थिती बदलली आहे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. त्यात बोगस अर्जांचा पूर आला, सरकारी जमिनीवर आणि देवस्थानाच्या जागेवरही पीक दाखवून विमा उतरवला गेला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली, शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा दोन टक्के, नगदी पिकाला पाच टक्क्यांपर्यंत. त्याच वेळी वैयक्तिक नुकसानीच्या पंचनाम्यावरची भरपाईही महाराष्ट्राने काढून टाकली. चोरी करणारे निराळे आणि संरक्षण गेलेले निराळे, असे आमचे मत आहे.

आता हिशेब पीक कापणी प्रयोगावर आला. महसूल मंडळ हा एक घटक. मोझरी मंडळाचे उत्पन्न निराळे, कुऱ्हा मंडळाचे निराळे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन सरासरी काढतात, तिचे सत्तर टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा ते हेक्टरी आठ क्विंटल आहे आणि प्रयोगात सहा निघाले. तूट दोन क्विंटल, म्हणजे पाव हिस्सा. विमा रक्कम पन्नास हजार धरली तर भरपाई साडेबारा हजार. प्रयोगात सहाऐवजी आठ लिहिले गेले तर त्या मंडळातल्या एकालाही दमडी मिळणार नाही, मग तुमच्या वावरात गंजी सडली असली तरी! मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग व्हावेत, असा नियम आहे. ते खरोखर वावरात झाले की टेबलावर, हे पाहणे म्हणजेच देखरेख. दिल्लीचा अधिकारी त्यासाठी तिवशाला येणार नाही.

वरची देखरेख नाही, असेही नाही. महालेखापरीक्षकांनी २०११ ते २०१६ या काळातील पीक विम्याची तपासणी करून २०१७ मध्ये अहवाल दिला. खाजगी कंपन्यांचे दावे नीट न पडताळता सरकारी कंपनीने पैसे सोडले, आणि विमा घेतलेल्या शेतकऱ्यांची नोंदच सरकारांकडे नव्हती, असे त्यात आले. कुळाने व बटईने करणाऱ्यांची तर माहितीच ठेवलेली नव्हती. आता दावा ठरलेल्या मुदतीनंतर दिला तर कंपनीला बारा टक्के व्याज लागू होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती आहे. मात्र मागितल्याशिवाय व्याज कोणी हातावर ठेवील, अशी आशा धरू नये.

आपल्या माणसांची खरी अडचण याच्याही अलीकडची आहे. ठोक्याने वावर करणारा आपला भाऊ बियाणे टाकतो, फवारणी करतो, नुकसान सोसतो, पण विम्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी ठोक्यावर मालक करार नोंदवायला तयार होत नाही, सातबारा त्याचा, पैसाही त्याच्या खात्यात. गायरान कसणाऱ्याकडे तर सातबाराच नाही. १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते याच जमिनीसाठी. बोगस अर्जांच्या तपासात "सरकारी जमीन" हा शब्द आला की खरा कसणाराही त्याच यादीत ढकलला जातो. या दोघांना वेगळे करील अशी तपासणी आम्ही मागतो.

घराला, दुकानाला आग लागली तर रीत निराळी. तेथे सर्व्हेअर येतो, त्याला कंपनीच नेमते. त्याचा अहवाल हा अखेरचा शब्द नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले आहे. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. नकार लेखी घ्या, एवढे पुरे.

सोयाबीनच्या सोंगणीला आता फार दिवस नाहीत. सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून आपल्या मंडळातल्या कापणी प्रयोगांची गावे, गट क्रमांक आणि तारखा लेखी मागण्याचा अर्ज आम्ही तयार केला आहे, त्यावर आज सह्या घ्यायच्या आहेत. महाविद्यालयातल्या मुलामुलींनी दोघे-दोघे मिळून एक गाव घ्यावे, कापणीच्या दिवशी वावरात उभे राहावे आणि वजनकाट्यावरचा आकडा वहीत उतरवून घ्यावा. वह्या मंडळाने आणल्या आहेत, दाराजवळच्या टेबलावर मिळतील.