पाच किलो तांदूळ, चंद्रावर

वाण्याकडून आपण ५ किलो तांदूळ आणतो आणि ते त्याचं वजन समजतो. विज्ञानाच्या भाषेत हे झालं वस्तुमान, म्हणजे पिशवीत द्रव्य किती आहे ते. पृथ्वी त्या पिशवीला ज्या बळाने खाली ओढते, ते वजन. घरी येईपर्यंत पिशवीचे बंद बोटांत रुततात ना, तेच!

हिशोब सोपा आहे. वस्तुमानाला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे ९.८ ने गुणा. ५ गुणिले ९.८, झाले ४९ न्यूटन.

चंद्रावर ९.८ ऐवजी १.६२ हा आकडा घ्यायचा. चांद्रयान-३ ची २६ किलोची प्रज्ञान बग्गी ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे उतरली. इथे तिचं वजन साधारण २५५ न्यूटन होतं, तिथे उरलं ४२. वस्तुमान मात्र तेच, २६ किलो.

मला यात सगळ्यात सुंदर वाटते ती तराजूची गंमत. आपला स्प्रिंगचा ताणकाटा चंद्रावर नेला, तर हेच तांदूळ तो सव्वाआठशे ग्रॅमच्या आसपास दाखवेल. पण दोन पारड्यांचा तराजू नेलात, तर पाच किलोच्या मापासमोर पिशवी बरोबर तोलली जाईल, कारण चंद्र दोन्ही पारडी सारख्याच बळाने ओढतो.