दूरच्या सत्ताबदलाची किंमत बाईच्या अंगणात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचा मजकूर)



बड्या राष्ट्रांनी दुसऱ्या देशांची सरकारं पाडणं हा आपला विषय आहे का, असा प्रश्न इथे येईल. आपल्याकडे दारू, हुंडा, पोटगी, रेशन हे प्रश्न रोजचे. मुत्सद्देगिरी आणि हेरगिरी हा पुरुषांच्या गप्पांचा प्रांत. मला वाटतं, तो आपलाही आहे. का, ते मी एकाच देशाचं उदाहरण घेऊन सांगते. तो देश म्हणजे मध्य अमेरिकेतला ग्वातेमाला.

१९४४ साली तिथल्या लोकांनी हुकूमशाही उलथवली. १९४५ च्या राज्यघटनेनं शिकलेल्या बायकांना मत दिलं. निरक्षर बाईला मात्र नाही, निरक्षर पुरुषाला दिलं. म्हणजे ती क्रांतीही बाईच्या बाबतीत अर्धीच होती, हे आपण विसरायचं नाही. पण जमिनीचा प्रश्न तिनं हातात घेतला. देशातली सुमारे ७० टक्के शेतजमीन जेमतेम दोन टक्के मालकांकडे होती. अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांच्या सरकारनं जून १९५२ मध्ये कायदा केला: मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन घ्यायची, भूमिहीनांना द्यायची. भरपाई किती? मालकानं करासाठी स्वतः जी किंमत सांगितली असेल, तितकी.

इथेच अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीचं दुखणं सुरू झालं. केळीच्या या कंपनीकडे अफाट जमीन होती आणि त्यातली बहुतेक पडीक होती. कर चुकवण्यासाठी तिनं किंमत कमी दाखवली होती. सरकारनं त्या हिशेबानं सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर देऊ केले. अमेरिकी परराष्ट्र खात्यानं कंपनीच्या वतीनं मागितले दीड कोटीहून जास्त! त्या वेळचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस ज्या वकिली फर्ममध्ये होते, तिनं पूर्वी याच कंपनीचं काम केलं होतं. त्यांचे सख्खे भाऊ अ‍ॅलन डलेस सीआयएचे प्रमुख होते. अर्थात, एकट्या केळीमुळे सगळं झालं असं म्हणणं सोपं होईल. शीतयुद्धाचे दिवस होते, जमिनीचं वाटप म्हणजे साम्यवाद अशी भीतीही खरीच होती. नफा आणि भीती यांनी एकमेकींचा हात धरला.

मग जून १९५४ मध्ये काय झालं? कास्तियो आर्मास नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला सीआयएनं पैसा, शस्त्रं, विमानं दिली. काहीशे माणसं घेऊन तो सीमेवरून आत आला. एवढ्याशा फौजेनं सरकार पडत नसतं. पण एक रेडिओ केंद्र मोठं सैन्य चाल करून येतंय अशा बातम्या देत होतं. आपण देशातल्याच जंगलातून बोलतोय असा त्याचा दावा होता. प्रत्यक्षात सगळी व्यवस्था बाहेरची होती. स्वतःचं लष्कर कचरलं आणि २७ जूनला आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला. नव्या राजवटीनं वाटलेली जमीन काढून घेतली आणि निरक्षर पुरुषांचं मतही काढून घेतलं.

१९६० ते १९९६ अशी ३६ वर्षं तिथे यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं नेमलेल्या सत्यशोधन आयोगानं १९९९ साली सांगितलं: दोन लाखांहून अधिक माणसं मेली किंवा गायब झाली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया आदिवासी. ९३ टक्के अत्याचार सरकारी फौजा आणि त्यांच्या साथीदारांनी केलेले. त्याच वर्षी अध्यक्ष क्लिंटन यांनी, अशा फौजांना अमेरिकेनं पाठबळ देणं चूक होतं, असं ग्वातेमालात जाऊन मान्य केलं.

आता बाईकडे येऊ. सेपूर झार्को हे केक्ची आदिवासींचं गाव. तिथले पुरुष कसत असलेली जमीन कायदेशीर नावावर व्हावी म्हणून खटपट करत होते. १९८२ मध्ये लष्करानं त्यांना उचलून नेलं. मग त्यांच्या बायकांना छावणीत पाळ्या लावल्या: सैनिकांसाठी रांधायचं, धुवायचं आणि बलात्कार सोसायचे. १९५४ ला जी जमीन हिरावली, तिचंच हे दुसरं टोक. वॉशिंग्टनमधल्या कागदावर ती एक यशस्वी मोहीम होती. इथे ती बाईच्या शरीरावर उतरली.

या बायका गप्प बसल्या नाहीत. स्त्री संघटनांच्या साथीनं त्या एकत्र आल्या आणि तक्रार दाखल केली. म्हाताऱ्या झालेल्या त्या बायका शालीनं तोंड झाकून कोर्टात बसल्या. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी देशातल्याच न्यायालयानं दोघांना दोषी ठरवलं. एकाला १२० वर्षं, दुसऱ्याला २४० वर्षं. निकालानंतर त्यांनी भरपाई म्हणून काय मागितलं? दवाखाना, शाळा आणि जमिनीची कागदपत्रं.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, सरकार कितीही अपुरं असो, ते सुधारायचा किंवा बदलायचा हक्क तिथल्या माणसांचा. बाहेरून येणारा ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणत येतो आणि सर्वात आधी कमजोरांच्या हातातलं काढून घेतो. कधी तो बायकांच्या मुक्तीचंही नाव घेईल, तेव्हा विशेष सावध राहा.

दुसरं, म्हणून बाहेरचा प्रत्येक हात परकीय हस्तक्षेप ठरत नाही. आपल्या हक्काचं बोललं की आपल्याही सत्ताधाऱ्यांना लगेच ‘परकीय हात’ दिसतो. मी एक साधी कसोटी लावते: कोणी बोलावलं, निर्णय कोणाच्या हातात राहिला आणि शेवटी जमीन कोणाकडे गेली? सेपूर झार्कोच्या बायकांनाही बाहेरून मदत झाली, पण लढा कुठे न्यायचा हे त्यांनी ठरवलं. याला एकजूट म्हणतात.

पुढच्या वेळी कुठल्या देशात ‘सत्तापालट’ झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा नवा अध्यक्ष कोण एवढ्यावर थांबू नका. तिथल्या बायकांच्या पायाखालची जमीन कोणाच्या नावावर गेली, ते विचारा.