क्वांटम संगणन: विद्यापीठ आणि उद्योग यांची भागीदारी

क्वांटम संगणक उभा करणे एकट्या विद्यापीठाला अवघड जाते आणि एकट्या कंपनीलाही. याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. साध्या संगणकातला बिट 0 किंवा 1 असतो. क्यूबिट या दोन्ही अवस्थांच्या अध्यारोपणात राहू शकतो. ही अवस्था फार नाजूक असते. अतिवाहक क्यूबिटची चिप निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273.15 अंश सेल्सिअसच्या, अगदी लगत थंड ठेवावी लागते. उष्णतेचा जरासा धक्का बसला तरी गणित विस्कटते. चिप कशी वागते हे भौतिकशास्त्र सांगते. शीतयंत्रे, मायक्रोवेव्ह उपकरणे, सॉफ्टवेअर आणि एकसारख्या दर्जाचे उत्पादन यांत उद्योगाचा हात बसलेला असतो.

या भागीदारीचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पार पडल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले. क्यूबिटची रचना आणि निर्मिती या संस्थेची. नियंत्रण व मापनाची यंत्रणा पुण्यातील डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेची. आणि क्लाउडवरून प्रोसेसर वापरण्याची सोय टीसीएसची. दूरच्या संगणकावरून आज्ञावली पाठवायची, ती कुलाब्याच्या चिपवर चालायची आणि उत्तर पुन्हा पडद्यावर उमटायचे, असा तो प्रवास होता. तिघांपैकी एक जरी नसता तरी तो पूर्ण झाला नसता.

अशा कामाला वेळ लागतो. जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी 1984-85 मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात अतिवाहक विद्युत मंडलावर प्रयोग केले; आजचे अतिवाहक क्यूबिट त्याच पायावर उभे आहेत. मार्टिनिस तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. 2014 मध्ये गूगलने सांता बार्बरा येथील त्यांच्या गटाला सोबत घेतले, 2019 मध्ये 53 क्यूबिटचा सायकॅमोर प्रोसेसर पुढे आला आणि 2025 मध्ये त्या जुन्या प्रयोगांना नोबेल मिळाले. गूगल येण्याआधीच्या तीस वर्षांत हा विषय जिवंत ठेवण्यात विद्यापीठांचा मोठा वाटा होता.

भारताने 2023 मध्ये सुमारे 6,003 कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्याच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे.

सहकार्यात ताणही असतात. संशोधकाला निष्कर्ष प्रसिद्ध करायचे असतात, कंपनीला पेटंट हवे असते. पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात, बाजार तेवढा थांबत नाही. म्हणून मालकी, प्रसिद्धी आणि मुदत करारात आधीच स्पष्ट असावी लागते. विद्यार्थ्याचे संशोधन त्या घाईत अर्धवट राहता कामा नये, कारण प्रयोगशाळेतले ज्ञान कारखान्यापर्यंत नेणारा खरा दुवा तोच आहे. या सभागृहातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकीच इलेक्ट्रॉनिक्स, गणित आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्यांचीही या क्षेत्राला गरज आहे.